वाकायचं नाही



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथे जमतो, त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर मी लहानपणी आईबरोबर पुष्कळदा बसले आहे. पेशंट आत गेला की ते म्हणायचे, "कुठं दुखतंय, हात लावून दाखवा." पेशंटने दाखवलं की तिथे ते स्वतःचा हात ठेवायचे आणि थोडा वेळ काही बोलायचे नाहीत. पुढे मी मानसशास्त्र शिकले. गेली बावीस वर्षं मी जुनाट दुखण्याच्या रुग्णांबरोबर काम करते आहे. त्या हाताचं मोल कळायला मला बरीच वर्षं लागली.

आपल्याकडे बहुतेक घरांत कपाटावर एक मोठी पिशवी असते. तिच्यात एक्स-रे, एमआरआयच्या काळ्या फिल्म, पिवळे पडलेले रिपोर्ट, बंद झालेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. आमच्या घरीही आहे. आईला त्रेपन्नाव्या वर्षी कंबरेत उसण भरली. चार दिवसांत जाईल म्हणून तिने ती अंगावर काढली, पण ती गेली नाही. मग एका मोठ्या रुग्णालयात आम्ही तिला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि सांगितलं, "मणक्यात गॅप आलाय. आता वाकायचं नाही." दोन वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी दुसऱ्या डॉक्टरांनी नवी फिल्म पाहिली आणि सांगितलं, "विशेष काही नाही. मनाला लावून घेऊ नका."

दोन्ही डॉक्टर भले होते, दोघांनाही तिचं बरं व्हावंसं वाटत होतं. पण पहिल्या वाक्याने आईला तिचं शरीर तडा गेलेल्या मातीच्या भांड्यासारखं वाटू लागलं आणि दुसऱ्याने ती खोटी ठरली. पुढची बरीच वर्षं ती या दोन वाक्यांच्या मध्ये राहिली. दुखण्यावरच्या मानसशास्त्रीय उपचारांचं संशोधन नेमकं याच जागी उभं आहे, आणि आज मला त्याबद्दल बोलायचं आहे. आधी एक गोष्ट साफ सांगते. मानसशास्त्रीय उपचार म्हणजे दुखणं मनाचं आहे असा शेरा नव्हे. तुमचं दुखणं खरं आहे. माझं सगळं बोलणं तिथून सुरू होतं.

दुखणं आणि इजा यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर नावाचे अमेरिकन भूलतज्ज्ञ जखमी सैनिकांवर उपचार करत होते. गंभीर जखमी सैनिकांना ते विचारत, "वेदनाशामक देऊ का?" जवळजवळ तीनचतुर्थांश जणांनी नको म्हटलं. १९४६ मध्ये बीचर यांनी हे छापलं. त्यांनी अर्थ असा लावला की त्या सैनिकासाठी जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याची वाट होती. याच्या नेमकं उलट उदाहरण १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. एकोणतीस वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने वरून उडी मारली आणि पंधरा सेंटिमीटरचा खिळा त्याच्या बुटातून आरपार गेला. खिळा जरा हलला तरी तो कळवळत होता, म्हणून त्याला गुंगीचं औषध द्यावं लागलं. बूट काढल्यावर दिसलं की खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. पायावर ओरखडाही नव्हता. तो माणूस नाटक करत नव्हता. त्याच्या मेंदूने बुटातून वर आलेला खिळा पाहिला आणि शरीराच्या रक्षणासाठी जे करायला हवं ते केलं.

हे कसं घडतं याचा पहिला भक्कम आराखडा १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूतल्या एका दारातून जातात आणि ते दार कमीजास्त उघडतं, अशी ती कल्पना. ठेच लागली की आपण पाय चोळतो. त्या स्पर्शाने दार थोडं लोटलं जातं. दुसरीकडे वरून, मेंदूकडूनही, निरोप खाली येतात आणि तेही दार उघडतात किंवा लोटतात. भीती, लक्ष, मागचा अनुभव, आजूबाजूची माणसं या सगळ्यांना त्या दिवसापासून शरीरशास्त्रात जागा मिळाली. सिद्धान्ताचे बारकावे पुढे बरेच बदलले. पण निरोप खालून वर जातात तसे वरून खालीही येतात, ही गोष्ट टिकली. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव आहे हे कायम ठेवलं. व्याख्येखालच्या टिपांमध्ये माणसाने आपल्या दुखण्याबद्दल सांगितलेलं आदराने घ्यावं, असंही नोंदवलं. आमच्या डॉक्टरांचा तो हात तेच तर करत होता.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हापुन्हा येणाऱ्या दुखण्याला जुनाट म्हणतात. बऱ्याचदा तोवर मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था पहाऱ्यावरच राहते. वाऱ्याने पान हललं तरी भुंकणाऱ्या राखणीच्या कुत्र्यासारखी तिची गत होते. हे सगळ्यांना लागू नाही. संधिवात, मधुमेहाने खराब झालेल्या नसा, कर्करोग, यांत कारण समोर असतं आणि त्याचा उपचार आधी. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन उतरत असेल, पायातली ताकद जात असेल, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर थेट डॉक्टरांकडे जा. माझ्यासारखीकडे नंतर या.

आता त्या पिशवीकडे वळते. मणक्यात गॅप, गादी सरकली, नस दबली, गुडघ्यातलं वंगण संपलं. हे शब्द मी रोज ऐकते. गाडी गॅरेजला टाकल्यावर ऐकावेत तसे हे शब्द आहेत, आणि गाडीचा झिजलेला भाग आपोआप भरून येत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. २०१५ मध्ये एका अभ्यासगटाने तेहतीस शोधनिबंधांमधली माहिती एकत्र केली. त्यात ३,११० माणसं होती आणि त्यांतल्या कोणाचीही पाठ दुखत नव्हती. तरी विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के होतं. केस पिकतात, चेहऱ्यावर सुरकुत्या पडतात, तसंच पाठीच्या आतही होतं. हे आकडे आईच्या फिल्मबरोबर तिला कोणी सांगितले असते, तर 'गॅप' हा शब्द तिच्या मनात इतका खोल रुतला नसता असं मला आजही वाटतं. मी हे रागाने म्हणत नाही. त्या काळी हे आकडे एकत्र आलेलेच नव्हते. आज आलेले आहेत.

मनाच्या बाजूने उपचार सुरू झाले ते अमेरिकेत सिएटलला. जॉन बोनिका नावाचे भूलतज्ज्ञ तरुणपणी कुस्त्या खेळत आणि त्या दुखापती त्यांनी जन्मभर सोसल्या. एकट्या डॉक्टरला जुनाट दुखणं आवरत नाही, निरनिराळ्या विद्यांची माणसं एका टेबलाशी बसली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. तिथल्याच विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस हे मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी साधी गोष्ट पाहिली. दुखलं की गोळी, दुखलं की विश्रांती, दुखलं की घरच्यांची धावपळ, असं वर्षानुवर्षं चाललं की दुखण्याभोवती एक सवय तयार होते. त्यांनी गोळी दुखण्यावरून काढून घड्याळावर आणली. व्यायामही दुखेपर्यंत नाही, तर ठरवलेल्या मोजमापापर्यंत. आज दहा पावलं ठरली तर दहाच, बरं वाटलं तरी अकरावं नाही.

हे आपल्या घरांत किती लागू पडतं ते पाहा. दिवाळीच्या आधी एका सकाळी आईला बरं वाटायचं. मग ती म्हणायची, बरं वाटतंय तोवर उरकून घेते. डबे घासायचे, माळा झाडायचा, सगळं एका दिवसात. पुढचे तीन दिवस अंथरुणात. आणि मग पक्कं व्हायचं की काम केलं की दुखतं. फोर्डाइस यांचं १९७६ चं पुस्तक वाचताना मला आमचा माळा आठवला होता. त्यांच्या पद्धतीत एक उणीव होती आणि ती बोलायला हवी. कण्हण्याकडे लक्ष देऊ नका, असा सल्ला कुटुंबाला दिला जाई आणि रुग्णाला वाटे, आपल्यावर आळ घेतला जातोय. उपचारात तंत्र होतं, पण माणसाला वाटणाऱ्या भीतीला त्यात जागा नव्हती.

ती जागा पुढच्या पिढीने दिली. मायकेल सलिव्हन यांनी १९९५ मध्ये तेरा वाक्यांची एक प्रश्नावली केली. दुखताना मनात काय येतं, एवढंच ती विचारते. मराठीत तिचं सार चार शब्दांत येतं : आता काही खरं नाही. हा विचार ज्यांच्या मनात घट्ट बसतो त्यांचं दुखणं आणि त्यामुळे कामं अडणं दोन्ही जास्त असतं, हे त्यानंतर पुन्हापुन्हा दिसलं. नेदरलँड्समधले योहान व्लायेन आणि स्वीडनमधले स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये याचं चक्र मांडलं. दुखतं, म्हणून वाटतं काहीतरी मोडतंय. म्हणून माणूस हालचाल टाळतो. टाळल्याने स्नायू कमजोर होतात, मन उदास होतं, लक्ष सारखं त्या जागेवर राहतं आणि दुखणं वाढतं. टाळलेली गोष्ट कधी करूनच पाहिली नाही, तर ती सुरक्षित आहे हे कळणार कसं? व्लायेन यांच्याकडे रुग्णाला रोजच्या हालचालींची छायाचित्रं देतात. वाकणं, उचलणं, जिना उतरणं. ती रुग्ण भीतीच्या क्रमाने शून्य ते शंभरच्या मापावर लावतो. मग कमी भीतीपासून सुरुवात करून ती कृती प्रत्यक्ष करायची, आणि करण्याआधी सांगायचं की काय होईल असं वाटतं. केल्यावर पाहायचं, तसं झालं का.

या उपचारांचा एक धागा आपल्या इगतपुरीजवळून जातो. सत्यनारायण गोएंका हे ब्रह्मदेशातले व्यापारी. त्यांना भयंकर अर्धशिशी होती. मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत, त्याची सवय लागेल ही भीती होती आणि परदेशातले डॉक्टरही करून झाले होते. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकायला गेले. ऊ बा खिन यांनी त्यांना आधी परत पाठवलं. डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, मन शुद्ध करायला या, असा त्यांचा भाव होता. गोएंकाजी १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सुरू झालं. साधकाने डोक्यापासून पायापर्यंत अंगभर लक्ष फिरवायचं आणि जे जाणवेल ते ना हवं ना नको म्हणता पाहायचं, ही या परंपरेची मुख्य साधना. १९७९ मध्ये अमेरिकेत वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी, डॉक्टरांनी हात टेकलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. त्यातही अंगभर लक्ष फिरवणं होतं, पण धर्माचं नाव न घेता. १९८२ चा त्यांचा पहिला निबंध एक्कावन्न जुनाट दुखण्याच्या रुग्णांवरचा होता. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून त्यावरून फार काही ठरवता येत नव्हतं. ते ठरवायला तीसहून अधिक वर्षं गेली.

ऊ बा खिन यांच्या त्या नकारावर मी खूप विचार केला आहे. दुखणं घालवायला म्हणून बसलेला माणूस दर मिनिटाला तपासतो, गेलं का? ते तपासणं म्हणजेच पहारा. पुढे आलेल्या स्वीकारावर आधारलेल्या उपचारपद्धतीत नेमकं हेच सांगितलं जातं. दुखणं कमी होईल तेव्हा जगू, असं म्हणू नका. तुमच्या दृष्टीने जे मोलाचं आहे ते दुखण्यासकट सुरू करा. आपल्याकडे 'सोसणं' हा शब्द आहे, पण हा स्वीकार म्हणजे सोसणं नव्हे. सोसणारी बाई स्वतःला बाजूला ठेवते, ही पद्धत तिला मध्ये आणते.

आता कसोटीचा भाग. या सगळ्याने खरंच फरक पडतो का? अमांडा विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेसाठी पंचाहत्तर चाचण्या एकत्र तपासल्या. उपचार संपताना त्यांत ९,४०१ माणसं होती. यांतल्या एकोणसाठ चाचण्या विचार आणि वागणूक बदलण्याच्या, म्हणजे सीबीटी या पद्धतीच्या. निष्कर्ष असा की दुखणं, दुखण्यामुळे येणारं अडलेपण आणि मनाचा त्रास, तिन्हींवर सीबीटीचा परिणाम दिसतो, पण तो लहान आहे. आणि तुलनेच्या गटालाही व्यायाम किंवा माहिती असं काही मिळत असेल, तर तो फारच लहान होतो. मी या क्षेत्रात काम करते. हे वाचून मला वाईट वाटलं, पण मी ते तुमच्यापासून लपवणार नाही. आमच्या विद्येचा दावा एवढाच आहे, आणि याहून मोठा दावा करणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

पण लहान म्हणजे किती, हे माणसांच्या भाषेत पाहायला हवं. २०१६ मध्ये अमेरिकेत जुनाट पाठदुखीच्या ३४२ रुग्णांची चाचणी छापली गेली. एका गटाला कबाट-झिन यांच्या पद्धतीचा वर्ग, दुसऱ्याला सीबीटी, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी रोजची कामं करण्यात लक्षात येण्याजोगी सुधारणा पहिल्या गटात ६०.५ टक्के, दुसऱ्यात ५७.७ टक्के आणि तिसऱ्यात ४४.१ टक्के लोकांत दिसली. म्हणजे शंभरातले चौदा-सोळा जण जास्त. ज्या दुखण्यावर शस्त्रक्रिया होत नाही आणि ज्यावर वर्षानुवर्षं गोळ्या घेतल्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकतात, तिथे मला हे चौदा जण थोडे वाटत नाहीत.

गेल्या काही वर्षांत दोन चाचण्यांनी आशा वाढवली आहे. कोलोरॅडोतल्या बोल्डरला १५१ पाठदुखीच्या रुग्णांवर एक चाचणी झाली. ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात चार आठवडे रुग्णांना एकच गोष्ट अनुभवायला शिकवली : ही वेदना खरी आहे, मेंदूत तयार होते आहे आणि ती धोक्याची नाही. या गटातल्या पन्नासपैकी तेहतीस जणांचं दुखणं जवळजवळ गेलं. पाठीत नुसत्या मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांत, आणि ते मिठाचं पाणी आहे हे त्यांना माहीत होतं, एक्कावन्नपैकी दहा जणांचं. नेहमीच्या उपचारांत पन्नासपैकी पाच. आकडे थक्क करणारे आहेत. पण हे एकाच ठिकाणचे रुग्ण होते, बहुतेक शिकलेले, दुखणं मध्यम. ऊसतोड करून कंबर गेलेल्या बाईला हे असंच लागू होईल, हे मी आज म्हणू शकत नाही.

दुसरी चाचणी मला अधिक जवळची वाटते. ऑस्ट्रेलियात पीटर ओ'सलिव्हन यांच्या गटाने २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट पाठदुखीच्या ४९२ रुग्णांचा अभ्यास छापला. यातले उपचार मानसशास्त्रज्ञांनी केले नव्हते, फिजिओथेरपिस्टनी केले होते. त्यांना खास शिकवलं होतं : रुग्णाची हकीकत पूर्ण ऐका, त्याला दुखण्याचा अर्थ समजावा, ज्या हालचालीला तो घाबरतो ती त्याच्याबरोबर करा, मग झोप, फिरणं, रोजचं काम यांत ते बसवा. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि पुढे एक उजळणी. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत वर्षानंतरही फरक टिकला, आणि तो मोठा होता. एका गटात याच्या जोडीला अंगावर लावायचे, हालचाल टिपणारे संवेदकही वापरले, पण त्यांनी काही जादा फायदा झाला नाही. यंत्रापेक्षा ऐकणं आणि बरोबर वाकणं उपयोगी पडलं.

मला हा मार्ग आपला वाटतो. आपल्याकडे मानसशास्त्रज्ञ मोजके आणि तेही बहुतेक शहरांत. "मानसशास्त्रज्ञाकडे जा" म्हटलं की घरात कुजबुज सुरू होते, मला वेडी ठरवलं का असं बाई विचारते. फिजिओथेरपिस्ट मात्र तालुक्याच्या गावीही असतात आणि त्यांच्याकडे जायला कोणी लाजत नाही. शिवाय उपचार लांबलचकच हवेत असंही नाही. स्टॅनफर्डच्या बेथ डार्नाल यांच्या जुनाट पाठदुखीवरच्या चाचणीत दोन तासांचा एकच वर्ग आठ सत्रांच्या सीबीटीपेक्षा तीन महिन्यांनी कमी पडला नव्हता. असे वर्ग मराठीत, आरोग्य केंद्रात, आशाताईंच्या मदतीने का होऊ नयेत? अडलंय ते शास्त्रामुळे नाही. माझ्या माहितीत आपण मराठीत अशा वर्गाची चाचणी केलेली नाही, एवढंच. आणि ती करावीच लागेल, कारण आपलं दुखणं आपल्या शब्दांत राहतं. ठणका वेगळा, कळ वेगळी, सणक वेगळी, आणि 'सल' तर शरीराचा आणि मनाचा एकच. मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये इंग्रजीतल्या वेदनेच्या शब्दांवरून प्रश्नावली बनवली. तिचा नुसता तर्जुमा करून आपलं काम भागणार नाही.

आता आईकडे येऊन थांबते. तिच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी धीर करून तिला विचारलं, वाकायचं नाही म्हणून काय काय सुटलं? मला वाटलं होतं ती धुणं म्हणेल, केर म्हणेल. ती म्हणाली, रांगोळी. आम्ही एक वही केली. डाव्या रकान्यात दुखण्याचा दहापैकी आकडा, उजव्यात ठिपके. पहिल्या दिवशी चार ठिपके ठरले. ती उंबऱ्याशी वाकली तेव्हा मी तिच्या शेजारी वाकले होते आणि तिने माझा दंड घट्ट धरला होता. काही मोडलं नाही. दुसऱ्या दिवशी चारच. आठवड्याने सहा. बरं वाटलं तरी सातवा नाही, यावर आमची भांडणंही झाली.

त्या वहीत सात महिन्यांच्या नोंदी आहेत. डावा रकाना बहुतेक दिवस पाच आहे, कधी चार, पावसाळ्यात सहा. उजव्या रकान्यात शेवटच्या पानावर एकवीस ते एक असं लिहिलं आहे, आणि त्याखाली तिच्या हाताची, किंचित थरथरलेली, कासवाची रांगोळी. वही मी आज बरोबर आणली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांच्यासाठी मी इथेच थांबते आहे.